लेन्स किती लागतात : मुंबईच्या पहिल्या स्टुडिओपासून लांज्याच्या सड्यापर्यंत

छायाचित्रकाराला किती लेन्स लागतात, याचे उत्तर महाराष्ट्रात दर पिढीला वेगळे मिळाले आणि दर वेळी ते धंद्यानेच दिले. युरोपातले आणि नंतर जपानमधले कारखाने लेन्सचे प्रकार वाढवत गेले. त्यांतल्या किती लेन्स स्टुडिओच्या कपाटात आल्या, हे मात्र तीन गोष्टींवर ठरले : गिऱ्हाईक कोणते काम घेऊन येते, फोटो काढायच्या जागी मागे सरकायला किती वाव आहे आणि उजेड किती आहे. मोठ्या शहरांत कामाची वाटणी होऊ शकली. कोणी चेहरेच टिपले, कोणी इमारती, कोणी क्रिकेट. रत्नागिरी आणि राजापूर यांच्या दरम्यान, मुंबई–गोवा महामार्गावर वसलेल्या लांज्यासारख्या तालुक्याच्या गावात अशी वाटणी परवडत नाही. तिथे पासपोर्टचा फोटो, शाळेचा ग्रुप, लग्न, बारसे, शिमग्याची पालखी ही सगळी कामे एकाच माणसाला करावी लागतात. म्हणून लेन्सचा खरा हिशेब अशा गावांच्या संदर्भात नीट कळतो. त्याची सुरुवात मात्र मुंबईच्याही आधी, पॅरिस आणि व्हिएन्नात होते.

१८३९ मध्ये फ्रान्सच्या दागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली तेव्हा तिच्या कॅमेऱ्याला शेवालिए या पॅरिसच्या कारागिराने घडवलेली लेन्स होती. निसर्गदृश्याला ती ठीक होती. पण चित्र धारदार यावे म्हणून तिचे तोंड सुमारे एफ/१५ इतके लहान ठेवावे लागे आणि फोटोला बसलेल्या माणसाला भर उन्हात मिनिटेच्या मिनिटे निश्चल राहावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्झव्हाल याने आधी कागदावर गणित मांडून माणसांच्या फोटोसाठी लेन्स तयार केली आणि फोग्टलेंडरच्या कारखान्याने ती घडवली. तिचे तोंड एफ/३.६ इतके मोठे होते, म्हणजे जुन्या लेन्सपेक्षा सुमारे सतरा पट उजेड ती आत घेई. चेहऱ्यांचा धंदा खऱ्या अर्थाने या लेन्सने सुरू केला. मात्र तिचे चित्र मधोमध धारदार येई आणि कडेला विरघळत जाई. चेहऱ्याला ते खपते, किंबहुना शोभतेही. देवळाच्या खांबांना किंवा किल्ल्याच्या तटाला खपत नाही. धंद्याचा पहिला हिशेब असा पडला : माणसांसाठी एक लेन्स, वास्तूंसाठी दुसरी.

हाच हिशेब मुंबईत आला. ऑक्टोबर १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे शहरातल्या अगदी सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढच्याच काळात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्यांची छायाचित्रे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. त्या काळी ओल्या कलोडियनच्या काचेवर काम चाले. काचेवर द्रावण पसरायचे, ते सुकायच्या आत फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे धुवायचा. मुंबईच्या उन्हाळ्यात तर द्रावण आणखी लवकर सुके. अशा घाईत लेन्स बदलत बसायला सवड नसे. स्टुडिओत पोर्ट्रेट लेन्स लाकडी कॅमेऱ्यावर कायम बसलेली असे आणि बाहेरच्या कामाचा कॅमेराच वेगळा ठेवण्याकडे कल असे. लेन्स दोन म्हणजे संसारही दोन.

वास्तूंच्या कामाने लेन्सच्या हिशेबाला निराळेच वळण दिले. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांनी १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टिरिओ कॅमेरा हाती घेतला आणि वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांचे जोडफोटो काढले. त्यांचे पुस्तक वास्तुइतिहासकार फर्ग्युसन यांच्या लेखनासह १८६४ मध्ये लंडनमध्ये निघाले. स्टिरिओ कॅमेऱ्यावर दोन अगदी सारख्या लेन्स डोळ्यांएवढ्या अंतरावर शेजारी शेजारी असतात आणि त्या मिळून एकच दृश्य टिपतात. लेण्यातली खोली आणि खांबांची मागेपुढे रचना कागदावर उतरवायची तर त्या वेळी याहून चांगला मार्ग नव्हता. एकाच चित्रासाठी इथे दोन लेन्स खर्ची पडत.

१८६६ हे वर्ष फिरत्या छायाचित्रकारासाठी मोठे ठरले. लंडनच्या डॉलमेयर आणि म्युनिकच्या श्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ सारखीच लेन्स काढली. तिच्यात पुढचा आणि मागचा गट एकमेकांचे आरसाचित्र होता, त्यामुळे सरळ रेषा सरळच येत. इमारत, निसर्ग, माणसांचा मोठा ग्रुप या सगळ्यांना ती चाले. एका चेहऱ्यासाठी ती थोडी मंद होती, पण १८७० च्या दशकाच्या अखेरीस कोरड्या प्लेटा बाजारात आल्यावर तेही अडेनासे झाले. पुढे १८९० मध्ये त्साइसच्या पाउल रुडोल्फने, १८९२ मध्ये गोर्त्सच्या एमिल फोन ह्योगने आणि १८९३ मध्ये इंग्लंडच्या डेनिस टेलरने कडेपर्यंत धारदार चित्र देणाऱ्या लेन्स आणल्या. टेलरचे काम तर थक्क करणारे आहे : फक्त तीन भिंगांत त्याने ते साधले. १९०२ ची त्साइसची टेसार चार भिंगांची होती, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरच्या असंख्य कॅमेऱ्यांवर हीच रचना किंवा तिची नक्कल बसलेली होती. गोर्त्सच्या लेन्सचा आणखी एक उपयोग होता. तिचा पुढचा भाग फिरकी देऊन काढला की उरलेला अर्धा भाग जवळजवळ दुप्पट लांब पल्ल्याची (फोकल लेंग्थची) लेन्स म्हणून चाले. पितळेच्या एका नळीत दोन लेन्स मिळत, आणि बैलगाडीने किंवा पडावाने सामान नेणाऱ्याला याचे मोल फार होते.

मराठी माणसांच्या हाती कॅमेरा या काळात स्थिरावला. मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या अखेरीस मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनीच केले. दादासाहेब फाळके यांचा प्रवास लेन्सच्या दृष्टीने आणखी बोलका आहे. त्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात काम केले, लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला आणि १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. ब्लॉक करण्यासाठी चित्राची नक्कल काढताना चारही कोपरे सारखेच धारदार लागतात, पण उजेड हवा तेवढा वाढवता येतो. म्हणून नकलेची लेन्स चेहऱ्याच्या लेन्सच्या अगदी उलट स्वभावाची असते. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत दाखवणारा त्यांचा छोटा चित्रपट १९१२ चाच. तिथे लेन्सपेक्षा कॅमेरा, कुंडी आणि उजेड दिवसेंदिवस न हलू देणे महत्त्वाचे होते. एकाच माणसाच्या आयुष्यात लेन्सच्या इतक्या निरनिराळ्या गरजा आल्या, कारण त्याने धंदे इतके बदलले.

१९२५ मध्ये लायका कॅमेरा विक्रीला आला आणि १९३० मध्ये त्याची लेन्स बदलता येऊ लागली. एका छोट्या कॅमेऱ्याला जवळची, दूरची, रुंद अशी लेन्सची मालिका जोडण्याची कल्पना इथून रुजली. पण ही वाट कोकणातल्या तालुक्यांच्या गावांपर्यंत यायला अर्धे शतक जावे लागले. मधल्या काळात तिथे राज्य होते न बदलणाऱ्या लेन्सचे. १९२९ च्या रोलीफ्लेक्सने घातलेल्या धाटणीचे दोन डोळ्यांचे कॅमेरे, पुढे जपानची यशिका, हे भारतातल्या छोट्या स्टुडिओंचे मुख्य हत्यार झाले. वरच्या लेन्समधून बघायचे आणि खालच्या लेन्सने फोटो काढायचा. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो येत. हौशी घरांत बडोद्यात तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री पोचला. त्याची साधी लेन्सही कॅमेऱ्याला कायमची जोडलेली.

एका लेन्सवर धंदा चालत होता याचे कारण भूमितीत आहे. फिल्मच्या चौकटीचा कर्ण जेवढा, साधारण तेवढ्या पल्ल्याची लेन्स माणसाच्या नजरेला सहज वाटणारे चित्र देते. १२० च्या चौकोनी चौकटीचा कर्ण सुमारे ७९ मिलिमीटर, आणि यशिकाची लेन्स ८० ची. तिच्यासमोर खुर्चीत बसलेला एक माणूस येतो, आठ-दहा पावले मागे गेले की घरातली बारा माणसे येतात, शाळेच्या पटांगणात आणखी मागे गेले की बाकांवर रांगेने उभा केलेला वर्ग येतो. पायांनी झूम करायचा हा प्रकार. अंगण असेल तोवर तो अडत नाही. निगेटिव्ह मोठी असल्यामुळे डार्करूममध्ये कडा कापून फोटो जवळचा करता येई. खरे तर अशा स्टुडिओची दुसरी लेन्स डार्करूममधल्या एन्लार्जरवर असे, आणि ती हलकी निघाली तर कॅमेऱ्याची चांगली लेन्सही फुकट जाई. जुन्या फोटोंचा धारदारपणा पाहताना या दुसऱ्या लेन्सची दखल सहसा कोणी घेत नाही, हा तिच्यावर अन्यायच आहे.

दुसरे कारण सरकारी होते. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात आणखी आवळली गेली आणि परदेशी कॅमेरे व लेन्स बाजारात दुर्मीळ झाल्या. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सने फिल्म आणि कागद देशात बनवले, पण चांगली लेन्स बाहेरूनच येई : बोटीवरच्या खलाशांकडून, मुंबईच्या बोरा बाजारातल्या जुन्या मालातून आणि १९७० नंतर आखातात नोकरीला गेलेल्या रत्नागिरीकरांच्या सामानातून. जी मिळाली ती वर्षानुवर्षे वापरायची, आणि छायाचित्रकार तिच्या गुणदोषांसकट तिला ओळखू लागे. कोणत्या छिद्राला ती सर्वांत धारदार, कोणत्या कोनात ऊन आत शिरते, हे त्याला मोजून पाहावे लागत नसे.

पासपोर्ट आणि अर्जांच्या फोटोंनी मात्र एका लेन्सची मर्यादा उघडी केली. माणसाचे नाक कानांपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर पुढे असते. अर्ध्या मीटरवरून फोटो काढला तर ते कानांच्या मानाने वीस-बावीस टक्के मोठे उमटते. दोन मीटरवरून काढला तर फक्त पाच-सहा टक्के. म्हणजे चेहरा बिघडवते किंवा सुधारते ते अंतर. लेन्सचा पल्ला त्या अंतरावरून चौकट भरेल की नाही एवढेच ठरवतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ८५ ते १०५ ची लेन्स पोर्ट्रेटची मानली गेली ती यासाठी. विवाहासाठी दाखवायच्या फोटोत हे विशेष जपावे लागे. मुंबईतल्या चाकरमान्याच्या घरी गावाहून मुलीचा फोटो जाई तेव्हा तोच तिची पहिली ओळख असे, आणि जाणता छायाचित्रकार त्या फोटोला जवळ जात नसे.

१९८० च्या दशकात रंगीत रोल आणि ३५ मिलिमीटरचे एसएलआर कॅमेरे तालुक्यांत आले आणि लग्नाचा अल्बम हा धंद्याचा कणा झाला. या कॅमेऱ्यांसोबत ५० मिलिमीटरची लेन्स येई, आणि कोकणी घराने तिला अडवले. चिऱ्याच्या जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, अरुंद माजघर, पडवीत बसलेल्या बायका : मागे सरकायला भिंत आड येते. मग २८ किंवा ३५ ची रुंद लेन्स घ्यावी लागली. तिचाही दंड होता. २८ च्या लेन्सने काढलेल्या ग्रुपमध्ये अगदी कडेची माणसे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने रुंद दिसतात. ५० ला हाच फरक सहा टक्क्यांच्या आसपास राहतो. वराकडच्या मानाच्या आत्याबाई कडेला उभ्या असतील तर अल्बम दाखवताना ते बोचतेच. म्हणून अनुभवी माणूस रुंद लेन्स लावली की रांगेच्या दोन्ही टोकांना सडपातळ तरुण उभे करी आणि चौकटीच्या कडेला थोडी मोकळी जागा ठेवी.

याच अडचणीवर झूम लेन्स उतारा म्हणून आली. साध्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ मध्ये फोग्टलेंडरने विकायला काढली होती, ३६ ते ८२ मिलिमीटरची; पण स्वस्त आणि हलक्या झूम यायला वेळ लागला. १९९० च्या दशकात निकॉन एफएम टेन हा साधा कॅमेरा ३५–७० च्या झूमसह येई. लग्नाच्या कामाला ती पुरे. उदारीकरणाने आयात सुटली आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा लांजा तालुक्यातल्या विलवड्याला गाडीत बसून मुंबईला सामान पाहायला जाणे सोपे झाले. २००३ मध्ये कॅननने १८–५५ च्या किट लेन्ससह तुलनेने स्वस्त डिजिटल एसएलआर आणला. अशा कॅमेऱ्यांचा सेन्सर ३५ मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने १८–५५ ची झूम जवळजवळ जुन्या २८–८५ सारखे काम देते, आणि जुनी ५० ची लेन्स त्यांच्यावर ७५ ते ८० ची, म्हणजे आयती पोर्ट्रेट लेन्स होते. एक किट झूम आणि एक स्वस्त ५०, एफ/१.८ : गेल्या वीस वर्षांत किती तरी छोट्या स्टुडिओंनी या दोहोंवर संसार उभा केला. कामाच्या मानाने पाहिले तर ही जोडी मागच्या कोणत्याही पिढीच्या साधनांपेक्षा सरस आहे.

५० च्या लेन्सचे खरे मोल रात्री कळते. शिमग्यात पालखी नाचते, गावागावांत नमन आणि जाखडी या लोककला रात्रभर रंगतात. एके काळी उजेड पेट्रोमॅक्सचा असे, आता रंगीत दिव्यांचा. किट लेन्स लांब पल्ल्याला एफ/५.६ वर अडते, एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहा पट उजेड घेते. फ्लॅश मारला तर गवळणीचा चेहरा दिसतो, पण दिव्यांनी केलेला रंग मरतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पेट्झव्हालच्या लेन्सने स्टुडिओत जे काम केले तेच काम ही छोटी लेन्स देवळाच्या मांडावर करते. पालखीची गोष्ट वेगळी. ती गर्दीच्या मधोमध, हाताच्या अंतरावर येते आणि तिथे २४ च्या आसपासची रुंद लेन्सच चालते.

यापुढच्या लेन्स ठरावीक कामाच्या. मोठ्या बजेटच्या लग्नांत २४–७० आणि ७०–२०० या एफ/२.८ च्या जड झूम आल्या; नकळत टिपलेल्या फोटोंची आणि प्री-वेडिंगची मागणी वाढल्यावर ३५ आणि ८५ यांची भर पडली. पक्षी टिपणाऱ्याला ४०० ते ६०० मिलिमीटर लागतात, कारण धनेश कोणाच्या सोयीने जवळ येत नाही. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, उगवणारी नखाएवढी फुले टिपायची तर मॅक्रो लेन्सला पर्याय नाही. लांजा तालुक्यातल्या माचाळच्या डोंगरावरचे धुके किंवा खोरनिनको धरणाचे पाणी मात्र किट लेन्सच्या कक्षेत सहज मावते.

कोकणात प्रत्येक जादा लेन्सची एक किंमत दुकानातल्या पावतीवर नसते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. बंद पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सच्या भिंगांमध्ये बुरशी धरते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, मग बुरशीतून सुटणारे आम्ल काचेवरचा लेप आणि पुढे काचही खाते. लेप गेला की उजेडाविरुद्धचे चित्र धुरकट येते. उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत : हवाबंद डबा, सिलिका जेल, कपाटात मंद पेटता बल्ब, अधूनमधून उन्हे दाखवणे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लेन्स वापरात ठेवणे. रोज हातात येणाऱ्या दोन लेन्स वर्षानुवर्षे टिकतात. हौसेने घेऊन ठेवलेली तिसरी एका पावसाळ्यात जाऊ शकते.

लांजा, राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांच्या सड्यांवर सापडलेल्या कातळशिल्पांनी लेन्सच्या हिशेबात अलीकडे नवे प्रकरण जोडले. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात गावोगाव हिंडून त्यांची नोंद केली. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही ठिकाणे आहेत. ही चित्रे जमिनीवर आडवी कोरलेली आहेत. सपाट माळावर उभ्या माणसाने कितीही रुंद लेन्स लावली तरी चित्र तिरके आणि ताणलेलेच येते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. तो २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये वरून पूर्ण मावायला कॅमेरा किमान १२ मीटर उंच हवा. १६ ची लेन्स लावली तरी आठ मीटर. झाड किंवा टेकडी जवळ नसलेल्या सड्यावर ही उंची ड्रोननेच मिळाली, आणि बहुतेक छोट्या ड्रोनवरची लेन्स पुन्हा एकच, न बदलणारी आहे.

जमिनीवरून करायच्या बारीक नोंदीला दोन गोष्टी लागतात. पहिली, सकाळचे किंवा संध्याकाळचे कलते ऊन. भर दुपारी उथळ कोरीव रेषा कातळात हरवून जाते. दुसरी, पल्ला न बदलणारी लेन्स. अनेक फोटो जुळवून संगणकावर शिल्पाची मोजमापासह प्रतिकृती तयार करताना लेन्स सरळ रेषांना किती वाकवते हे मोजले जाते, आणि झूमचा पल्ला हलला की ते माप बदलते. म्हणून या कामात झूम असलीच तरी तिची कडी एका जागी चिकटपट्टीने पक्की करतात. ३५ किंवा २४ ची एक साधी लेन्स, शेजारी मोजपट्टी आणि दर फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग येईल अशी चाल, एवढ्यावर एका शिल्पाची पूर्ण नोंद होते.